दोधूच्या नावाची घागर

माझी माय कौसाबाई तोंडाची भलती फटकळ. पोलीस पाटलालाही तिनं कधी जुमानलं नाही. पण माझा धाकटा भाऊ दोधू पलटणीत गेला, सिंगापूरला पोचला आणि बेचाळीस साली तो ‘बेपत्ता’ असल्याचा सरकारी कागद आला, तेव्हा ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलणार कशी? तो आपल्या मनानं भरती झाला असं मीच तिला सांगितलं होतं.

खोटं, साफ खोटं! त्या दिवशी माय धुणं घेऊन तापीवर गेली होती. कापूस वेचायचा सोडून दोधू पत्ते कुटत बसलेला. मी भर अंगणात ओरडलो, “फुकट गिळतोस, त्यापेक्षा पलटणीत जाऊन मर!” दुसऱ्या दिवशी त्यानं भरतीसाठी नंदुरबार गाठलं.

लढाई संपली. आजूबाजूच्या गावांतली पोरं परतली, दोधू नाही आला. भाऊबंद म्हणायला लागले, “लोटन, आता आखाजीला त्याची घागर भर, जीव तहानलेला राहील.” आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतो, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो. मलाही तेच हवं होतं. एकदा तो मेला म्हटलं की माझ्या डोक्यातला भुंगा थांबेल, असं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

शेहेचाळीसच्या आखाजीला मी कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. एक माझ्या वारलेल्या बापाची. पाट्यावर पुरण वाटणारी माय थबकली.

“हाई दुसरी कोनी शे?”

“दोधूनी.”

“तो मरना म्हनीसन कोन सांगं तुले?” पुरणाच्या हातांनीच तिनं घागर उचलून पोटाशी धरली. “मन्हा पोऱ्या जित्ता शे!”

मग मात्र माझ्यानं राहवेना. “माय, मीच काढी दिधं त्याले,” म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्यांची लाखोली वाहील, वरवंटा फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. ती उठली, घागर घेऊन बाहेर गेली आणि प्रकाशा गावाच्या वाटेवरच्या निंबाखाली, जिथं येणारेजाणारे टेकतात, तिथं ठेवली.

“जित्ता मानूस आठे पानी पेस,” ती म्हणाली. “तूच भर रोज. दोधू येस तवलोंग.”

माय गेल्या पौषात गेली. यंदा आखाजीला घागरी किती आणायच्या, असं बायकोनं, सुगंधाबाईनं, विचारलं. बापाची आणि मायची, दोनच आण म्हटलं, आणि निंबाखालची घागर भरायला निघालो.