ढगावर भरवसा न्हाय

सास्तूरच्या सत्यभामाबाईंचा एक नेम होता: सगळं एका छपराखाली ठेवायचं नाही. भूकंपात घर गेलं, आईचा एकुलता एक फोटोही ढिगाऱ्यात गेला, तेव्हापासूनचा हा नेम. निम्मं बियाणं दिराकडं, जोडव्यांचा एक जोड अणदूरला लेकीकडं. लोक हसायचे. हसा म्हणायच्या, तुमचं काय जातंय!

आणि अशा बाईचा सगळा जीव एकाच मोबाइलात अडकला होता. नवऱ्याच्या, गोरोबांच्या, घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. आता हाक मारायची तर ते टाळ्या वाजवतात. त्यांचा जुना आवाज राहिला होता तो बाईंच्या मोबाइलात, आजाराच्या आधी शेतातून पाठवलेल्या एका निरोपात: "सत्ये, कुठं उलथलीस गं? म्हशीला पाणी दाव, आन् येताना तंबाखूची पुडी आन!" त्याच मेल्या तंबाखूनं गळा खाल्ला. तरी बाई रोज गोठ्यात जाऊन तो निरोप ऐकायच्या. गोरोबांसमोर कधी लावला नाही. त्यांच्या जिवाला लागेल म्हणून.

एक दिवस मोबाइलची बॅटरी फुगली. पाठ उचकटली, पडदा घटकेत दिसे, घटकेत काळा. बाई तशाच धावत लोहाऱ्याला फारुखच्या दुकानात गेल्या.

"मावशी, ह्यो काय आता जगत न्हाय," फारुख म्हणाला. "पण घाबरू नका. बॅकअप घेऊ. म्हंजी आवाजाची दुसरी प्रत काढून क्लाउडवर ठेवू."

"कशावर?"

"क्लाउड. ढग म्हणा की."

बाई भडकल्याच. "ढगावर? आरं, ह्या ढगांनी आमाला कधी धड पानी दिलं का? येत्यात, तोंड दाखवून जात्यात. त्यांच्या हवाली माज्या मालकाचा आवाज करू व्हय?"

फारुखला हसू आवरेना. मग बाईंचे भरलेले डोळे दिसले, तसं त्यानं विचारलं, "बरं, मग कुठं ठेवू?"

"मानसांच्या घरी ठिव. एक माज्या गायत्रीकडं, अणदूरला. एक दिराकडं. आन् एक तुज्याकडं ऱ्हाऊ दे, बाबा."

फारुखनं निरोप तिघांच्या मोबाइलात पाठवला. गुपचूप ढगावरही ठेवला, ते बाईंना अजून ठाऊक नाही. थोड्या वेळानं बाईंचा मोबाइल विझला तो विझलाच.

नागपंचमीला गायत्री माहेरी आली. आई हा निरोप बापापासून लपवून ऐकायची, हे तिला कुठं माहीत? ओसरीवर बापाशेजारी बसून तिनं सहज निरोप लावला.

"सत्ये, कुठं उलथलीस गं?"

"आले वो, आले!" चुलीपुढून सत्यभामाबाई पिठाच्या हातांनीच पळत बाहेर आल्या. उंबऱ्यात आल्यावर ध्यानात आलं, हाक मोबाइलातली होती, आणि त्या तिथंच थबकल्या. आता कसं तोंड दाखवावं ह्या माणसाला?

गोरोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि खांदे हसण्यानं हलत होते. त्यांनी लेकीला बोटानं खुणावलं, पुन्हा लाव.

या वेळी आवाज मोबाइलातून आला आणि ओठ गोरोबांचे हलले. सत्यभामाबाई समोरच उभ्या होत्या, तरी म्हणाल्या, "आले वो."