बाबांच्या संध्याकाळच्या फेऱ्या

केमोथेरपीचा तिसरा डोस झाला तेव्हा बाबा सत्तरीचे होते. इंदूरच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं, "हा थकवा झोपून उतरत नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चाला, खुर्चीतून उठा-बसा. स्वतःच्या पायांनी आलात तर चौथा डोस देईन. उचलून आणलं तर नाही."

नानाखेडा कॉलनीतल्या आमच्या घरी आई आता राहिली नव्हती. बाबांच्या सेवेला त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, देवासहून आली होती. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत लोक भेटायला येत. तेव्हा आजारी माणूस पलंगावर, पायांवर चादर घेतलेलाच दिसला पाहिजे, हा तिचा नियम. संध्याकाळच्या फेऱ्या त्यात बुडू लागल्या.

एकदा बँकेतले जुने सहकारी वेळेआधी आले. बाबा अंगणात चालत होते.

"अरे, आप तो एकदम फिट हैं!"

दोन दिवसांत कॉलनीभर झालं, की आजार एवढा काही नाही. आत्यानं ते बाबांना ऐकवलं. "लोक ढोंग म्हणतात रे दादा. मला तोंड दाखवायला जागा नाही."

बाबांनी सकाळचं चालणंही सोडलं. मी बातमीदार माणूस, आत्याला सरळ म्हणालो, तू त्यांना पलंगावर निजवून मारून टाकते आहेस.

"छाप तुझ्या पेपरात. त्यांची उलटी कोण काढतं? तू?"

ती काढत होती.

बारा दिवसांनी बाबांना न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागलं. डोस बंद होईल, असं मी त्यांना सांगितलं. "तुला सेवा करायला नको, म्हणून मला चालायला लावतोस," ते म्हणाले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणं टाकलं.

रविवारी पाच जण आले. चहा घेऊन केबलवरची मॅच बघत बसले. त्यातला एक शेजारी बसलेल्याच्या कानाशी म्हणाला, "अब ज़्यादा दिन नहीं हैं।" बाबांना ते ऐकू गेलं. त्यांनी चादर बाजूला केली आणि भिंत धरून उभे राहिले.

"दादा, पड. लोक बसलेत."

"बसू देत. त्यांच्यासाठी मरेपर्यंत पडू?"

अंगणात चार फेऱ्या झाल्या. मग खुर्चीतून उठबस. मॅच कोणी बघत नव्हतं.

"मग मी इथे कशाला आहे?" आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

"तेच मला कळत नाही," बाबा म्हणाले.

सोमवारी ती बॅग घेऊन निघाली. बाबा अंगणात चालत होते. ते थांबले नाहीत, तिनंही वळून पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात बाबा दवाखान्याच्या पायऱ्या कठडा धरून स्वतः चढले. डोस मिळाला. कळवायला मी देवासला फोन केला. आत्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.