लताबाई आणि दोन नवसाबाई

आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये लताबाई सव्वीस वर्षं गाठींचे पातळ काप करून तपासणीच्या काचपट्ट्या बनवतात. नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "सुरी धरता येते, की नुसतं सर्टिफिकेट?" मी सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी त्यावर डबा ठेवला आणि जेवायला बसल्या.

एका मंगळवारी दोन नवसाबाईंचे नमुने आले. इकडे हे व्हायचंच. सप्तशृंगीला नवस बोलून झालेली मुलगी नवसाबाई. एक वणीची, कॅन्सरमुळे किडनी काढलेली. दुसरी कळवणची, तिची आतड्यांमागची गाठ काढलेली. गुरुवारी आमचे डॉक्टर शेखर सर कळवणकरणीची काच बघताना ओरडलेच.

"लताबाई, हा तर किडनीचा कॅन्सर! हिच्या दोन्ही किडन्या स्कॅनमध्ये स्वच्छ आहेत. नवसाबायांची अदलाबदल केलीत तुम्ही!"

खरंच तसं असतं, तर दोघींनाही चुकीचे उपचार, आणि लताबाईंच्या सव्वीस वर्षांवर पाणी.

"सर, चष्मा पुसा," लताबाई म्हणाल्या. "गाठीच्या काठाला शाई कुठली दिसते?"

"निळी."

"नावं सारखी आली की मी काठ वेगळ्या रंगांचे करते, लुगड्यासारखे. वणीला हिरवा, कळवणला निळा. रजिस्टरात लिहिलंय. आता सांगा, चुकलं कोण?"

सरांनी रजिस्टर दोनदा वाचलं. "मग गाठच वाट चुकली म्हणायची."

पेशींची जात ओळखणाऱ्या खास रंगांच्या तपासण्या केल्या, स्कॅन पुन्हा बघून घेतला. गाठ किडनीच्याच जातीची, पण किडनीबाहेर उगवलेली. सरांनी असं आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

रिपोर्टला कळवणच्या नवसाबाई स्वतः आल्या. "किडनी साफ हाय म्हन्ता, मंग किडनीचा कॅन्सर आला कुठून?"

सरांनी इंग्रजीत सुरुवात केली. लताबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. "आईच्या पोटात किडनी घडताना थोडा माल भलतीकडंच सांडला असेल, असं डॉक्टर लोक मानतात. तो आता रुजला. गाठ निघालीय, पुढचं कॅन्सरचे डॉक्टर सांगतील."

"मंग ताई, किडनी नाय ना काढायची?"

"तिनं काय केलंय?" लताबाईंनी सरांकडे पाहिलं. "निरपराध माणसावर आळ घ्यायची सवय काहींना असते, आपल्याला नाही."

नवसाबाई खुदकन हसल्या. सर रिपोर्टवर सही करत होते, गरजेपेक्षा बराच वेळ.