प्लायवूडचं जंबो

धुळ्यात आमच्या ऑफिसखालीच एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. प्लायवूडच्या रंगवलेल्या विमानाच्या खिडकीतून तोंड काढायचं आणि फोटो काढून घ्यायचा. तो स्वतः कधी विमानात बसला नव्हता, पण पेपरात नवं मोठं विमान दिसलं की याचं प्लायवूडचंही वाढायचं. नाकावरचा पंखा जाऊन जेट आलं, मग जंबोसारखा वरचा मजला. रशियाचं सहा इंजिनांचं विमान छापून आलं, तेव्हा याचं शेपूट दाराबाहेर गेलं. त्यावर तो छत्री अडकवायचा.

“अहो भाऊ, एवढं मोठं कशाला?” मी वैतागून विचारायचो. तो हसून पुन्हा रंगकामाला लागायचा.

एकदा माझ्यासमोरच शिरपूरकडचं भलंमोठं कुटुंब आलं. सगळ्या खिडक्या भरल्या आणि म्हातारी तेवढी उरली.

“मी बाहेरच राहस, तुम्ही काढी ल्या फोटू,” ती म्हणाली.

त्याने करवत घेतली, वरच्या मजल्याला आणखी एक खिडकी पाडली आणि मागे टेबल लावून म्हातारीला हात दिला. “चढा, अक्का.”

मग माझ्याकडे वळला. “तिकडची विमानंही अशीच वाढली असतील, साहेब. कोणीतरी खाली राहतंच ना.”

तो फोटो पुढे कित्येक वर्षं स्टुडिओच्या काचेत होता. त्यात म्हातारी सगळ्यांच्या वर बसून हसत होती.