सात नंबरची फुली

त्या सोमवारी पहिल्या पाळीत खाणीच्या पूर्वेकडच्या गल्लीत सहा माणसं होती. पावणेअकराला तिथे पाणी फुटलं. सहाही माणसं वर आली. डुबुकभाऊंची ड्यूटी जमिनीवर होती. ते खाली गेले होते. ते आले नाहीत.

डुबुकभाऊ हे नाव त्यांना खाणीने दिलं होतं. चंद्रपूरजवळच्या आमच्या कोळसाखाणीत ते सर्वे खलाशी, म्हणजे मोजणीचे मदतनीस, होते. कोळशाच्या वर वाळूच्या दगडाचा जाड थर आहे आणि त्या दगडात पाणी आहे. ते खाली किती जोराने रेटतं आहे, हे वरून ओळखायचं तर जंगलात पाडलेल्या अकरा बोअरमध्ये पाणी किती खोल आहे ते मोजावं लागे. भाऊंनी मापाच्या फितीला पितळेची लहान वाटी पालथी बांधली होती. ती पाण्याला टेकली की 'डुबुक' असा आवाज येई. पाणी जितकं वर, तितका खालचा दाब जास्त. "धा मीटर पानी चढलं का नखाएवढ्या जागेवर एक किलो," ते मला अंगठ्याचं नख दाखवून सांगत. "आता तुमीच पाहा, मॅडम, गल्लीच्या छताले नखं किती!"

मी सर्वे ऑफिसात त्यांच्या आकड्यांवरून आलेख काढायची. आमच्यासारखी शिकलेली माणसं दगड घन समजतात. एकदा नवीन आलेले एक साहेब गल्लीच्या छताला हात लावून म्हणाले, "इथे तर सगळं कोरडं आहे." भाऊ शेजारी उभे होते. "साहेब, थो ओला फडका हाय," ते म्हणाले, "अजून कोनं पिळला नाई म्हनून कोरडा दिसून राह्यला." साहेब हसले. भाऊ हसले नाहीत.

प्रत्येक बोअरमध्ये ते फीत तीनदा सोडत आणि तिसरा आकडा लिहीत. पहिल्या वेळी पाइपाच्या कडेचं पाणी वाटीवर ठिबकतं आणि फसवतं. दुसऱ्या वेळी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, माणसाला पहिलाच आकडा ऐकू येतो. मी कधी सोबत गेले, तर तोवर सावली शोधत असे. "बसा तिकडं," ते म्हणत. "पुस्तक आनलं नाई काऊन आज?"

काही कारणाने बोअरपर्यंत जाता आलं नाही, तर ते त्या रकान्यात फुली मारत. ऑफिसात त्यावरून त्यांची थट्टा होई. "डुबुकभाऊ, परीक्षेत नापास काय?" कोणी विचारी. "फुलीची लाज नाई," भाऊ म्हणत. "फुली म्हंजे मी गेलो नाई. थे खरं हाय. आकडा खोटा निंगू शकते, फुली नाई निंगत."

अकरांमध्ये सात नंबर त्यांचा लाडका. मधे दगडाला मोठा तडा होता आणि सात नंबर त्याच्या पलीकडे. खाणीतून पंपाने पाणी उपसलं की बाकीच्या बोअर उतरत, सात नंबर जागचा हलत नसे. "मोठा जावई हाय थो," भाऊ म्हणत. "सारे जेवले तरी थो आपला रुसूनच."

त्या वर्षी सात नंबरच्या वाटेवर वाघीण व्याली. वनखात्याने वाट बंद केली. भाऊंनी सोबत माणसं मिळावीत म्हणून दोनदा अर्ज दिला. मिळाली नाहीत. वाघिणीवर मात्र त्यांचा राग नव्हता. "बाळंतीण हाय. तिच्या घरातून कसं जाचं?" सहा आठवडे सात नंबरपुढे फुल्या पडल्या.

आलेख वरच्या ऑफिसला पाठवायचा होता. रेघ मधेच तुटलेली दिसली तर तो परत आला असता. सहा आणि आठ नंबर उतरले होते, म्हणून मी सातलाही तेवढंच उतरवलं. आधी पेन्सिलीने. मग प्रत पक्की करताना शाईने. जावयाची गोष्ट मला पाठ होती. तड्यापलीकडचाही दाब उतरला असं धरून पूर्वेची गल्ली तड्याच्या दिशेने पुढे न्यायचं ठरलं.

सोमवारी भाऊंनी तो आलेख भिंतीवर पाहिला.

"सातले कोन गेलतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "अंदाज आहे."

"अंदाज पेन्सिलीचा रायते, मॅडम. शाई कोनं केली?"

"मीच."

त्यांनी खुंटीवरची टोपी आणि दिवा घेतला. गल्लीच्या टोकाशी खोदणाऱ्यांपर्यंत फोन पोचत नव्हता. "बसा तुमी," ते म्हणाले. "मी सांगून येतो."

वर आलेल्या सहांपैकी एकाने सांगितलं, की भाऊंनी सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिले. छताला हात लावून ते म्हणाले होते, "पिळला." चौथ्या दिवशी ते सापडले.

चौकशीत आलेखावरचे सात नंबरचे ते ठिपके माझे असल्याचं मी सांगितलं. लिहून घेणाऱ्याने त्यापुढे 'अंदाजित' असा शब्द घातला आणि पान उलटलं.

मी वरोऱ्याजवळच्या त्यांच्या गावी गेले. वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जातानी तुमाले बोलले का काई?"

"सांगून येतो, म्हणाले."

"मंग रागावले असतीन. रागावले का थे कमीच बोलत." त्यांनी आतून फीत आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "इथी कोनाच्या कामाची नाई थे."

खाण आता बंद आहे. पंप बंद झाल्यापासून दगडातलं पाणी चढतं आहे. जंगलातली वाट पुन्हा सुरू झाली. आकडे आता कोणी मागत नाही. महिन्यातून एकदा मी जाते, फीत तीनदा सोडते, तिसरा आकडा लिहिते.

सात नंबरमध्ये पाणी साडेनऊ मीटरवर आहे. गेल्या महिन्याच्या रकान्यात फुली आहे. मला ताप होता.