खालून उघडं राहिलेलं कुंपण

आमच्या बोरिवलीच्या रो-हाउसपुढे एक लांबट पट्टा आहे. मी त्याला बाग म्हणतो, बायको अंगण म्हणते. पट्ट्याच्या एका कडेला कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे तसाच पट्टा, आणि त्यात रोज सकाळी वेताच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेला माझा शेजारी. मला चहा पिताना तो दिसायला नको होता. पुढचं सगळं एवढ्यासाठीच झालं.

तसा तो जुना मित्र. मालवणकडचा, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेला. दुकानदार सांगेल तो भाव देणार आणि वर त्यालाच थँक्यू म्हणणार. मी वाकोल्याच्या चाळीत वाढलो, दुसऱ्याच्या दुकानात नळ-पाइप विकता विकता स्वतःचं दुकान टाकलं. घासाघीस न करता मी आजवर घेतलं असेल तर रेल्वेचं तिकीट. त्याच्या घरातल्या लाद्या, गीझर, मुलीच्या लग्नाचा हॉल, सगळ्याचा भाव मी केलेला. त्या वेळी हा माझ्यामागे उभा राहून, आपण या माणसाबरोबर आलोच नाही अशा चेहऱ्याने छताकडे बघत असे.

आणि हाच माणूस सोसायटीच्या जनरल मीटिंगमध्ये माझ्यावर उलटला. रंगकामाचं कोटेशन आलं होतं. मी उठून म्हटलं, कॉन्ट्रॅक्टरला खाली आणता येईल आणि त्याच्याकडून गेटही फुकटात रंगवून घेता येईल. मागून याचा संथ आवाज आला, "रंगारी असा तो. भाजीवालो न्हय, वर मिरची-कोथिंबीर मागूक."

सगळी मीटिंग हसली. चेअरमन हसले. माझी बायकोही हसली, पण तिचं म्हणणं असं की तिला खोकला आला होता. काम सांगितल्या भावाला गेलं आणि गेट गंजलेलंच राहिलं.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन्ही घरांतलं येणं-जाणंही बंद करणार होतो, पण त्यांची एक वाटी नेमकी आमच्याकडे राहिली होती. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून बायकोने त्यातून शिरा पाठवला. मग त्यांनाही ती रिकामी पाठवता येईना, त्यांनी सोलकढी पाठवली. भिंतीवरून वाटी फिरत राहिली आणि भांडण माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं.

भिंत वाढवायला सोसायटीची परवानगी मिळेना. पण झाडं लावू नयेत असं कुठल्याच नियमात नव्हतं. तेव्हा बारा महिने हिरवी राहणारी झाडं लावून त्याला झाकून टाकायचं ठरवलं.

झाड निवडणं हे नळ निवडण्यापेक्षा कठीण निघालं. फायकस दाट होतो, पण त्याची मुळं ड्रेनेजमध्ये घुसतात. फायकसमुळे फुटलेल्या पाइपांवर माझं दुकान किती चाललं हे मलाच ठाऊक, तेव्हा ते झाड मी इतरांना सुचवतो. बांबूचा पाला फार. निम्मा पलीकडे पडला असता, ते चाललं असतं, पण उरलेला आमच्याकडे पडणार. कोयनेल भराभर वाढते, मात्र सारखी कापावी लागते, आणि कापायला भिंतीशी उभं राहिलं की समोर पुन्हा तोच. कामिनी सगळ्यांत चांगली. जमिनीपासून दाट, फुलांना वास. पण ती वाढते अगदी सावकाश. तोवर माझा राग टिकायचा कसा, असं बायकोने विचारलं. माझा टिकला असता, पण उगाच जोखीम कशाला? म्हणून उभा अशोक घ्यायचं ठरलं. सरळ उंच जातो, जागा खात नाही, पान कधी संपत नाही.

दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे हायवेला लागून नर्सऱ्या आहेत, तिथे गेलो. रोपांचा भाव उंचीवर होता. मी म्हटलं, लहान रोपांच्या भावात मोठी दे, नाहीतर शेजारच्या नर्सरीत जातो. मी खरोखर रस्त्यापर्यंत गेलो. त्याने हाक मारली, थोडा वेळ विचार केला आणि मग मागच्या बाजूला, दाटीवाटीने सावलीत ठेवलेली उंचच उंच रोपं काढून दिली. समोरचा इतक्या पटकन कबूल झाला की एरवी मी सावध होतो. त्या दिवशी डोळ्यांसमोर फक्त वेताची खुर्ची होती.

झाडं लावली. दुसऱ्या सकाळी मी ऐटीत चहा घेऊन ओट्यावर बसलो. वर छान हिरवं सळसळत होतं. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या झाकल्या गेल्या, पाण्याची टाकी झाकली गेली. खाली मात्र पानांचा पत्ता नाही. उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करत नुसती वर गेलेली ती झाडं. माझ्या डोक्याच्या वरपर्यंत नुसत्या काठ्या. आणि काठ्यांमधून शेजारी, पेपरपासून चष्म्यापर्यंत अख्खा.

त्याने पेपर घडी केला. मान वर करून झाडं बघितली, मग काठ्यांतून माझ्याकडे बघितलं. मीटिंगनंतर तो पहिल्यांदाच बोलला.

"झाडां बरी असत. माका सावली झाली."

मी चहा तसाच ठेवून आत गेलो.

काही दिवसांनी त्याची बायको वाटी द्यायला भिंतीशी आली. म्हणाली, खालची जागा फार उघडी दिसते, तिथे कामिनी लावायची म्हणतायत, आमच्या बाजूने. म्हणजे त्यालाही मी दिसायला नको, हे मला जरा लागलंच. मग ती म्हणाली, "भावोजी, ह्यांना एकट्याला पाठवलं तर नर्सरीवाला पिशवीतल्या मातीचेही वेगळे पैसे लावेल. तुम्ही जाता का बरोबर?"

मी म्हटलं, दुकान आहे.

"आज दुकान बंद असतं," आतून माझी बायको म्हणाली.

रिक्षात आम्ही दोन कडांना बसून गेलो, मध्ये त्याची छत्री. नर्सरीवाल्याने मला ओळखलं आणि आधीच हात जोडले. या वेळी मी उंचीकडे बघितलंच नाही. बुडापासून फुटवे आहेत का, खालची पानं हिरवी आहेत का, एकेक रोप फिरवून बघितलं. मग भाव. मित्र माझ्यामागे नव्हता, शेजारी उभा होता, आणि छताकडे बघत नव्हता. नर्सरीवाला अखेर माझ्या आकड्यावर आला, तेवढ्यात हा मोठ्याने म्हणाला, "चल रे, दुसरीकडे बघूया," आणि तरातरा रस्त्याकडे चालू लागला. ठरलेला भाव मोडण्याआधी मला धावत जाऊन त्याला परत आणावं लागलं. ही युक्ती कधी करायची असते ते त्याला समजावून सांगितलं. त्याने ऑफिसातल्यासारखं लक्ष देऊन ऐकलं.

पैसे देताना तो हळूच म्हणाला, "वर काय मागूचा नाय?"

मी या वाक्याची बरेच महिने वाट बघत होतो. म्हटलं, "तूच माग."

तो लाजला. घसा साफ केला. मग नर्सरीवाल्याला, जणू साहेबाकडे रजेचा अर्ज करतोय अशा आवाजात, कढीपत्त्याचं एक रोप वर देता येईल का असं विचारलं. नर्सरीवाल्याने हसून एक रोप त्याच्या हातात ठेवलं.

परत येताना ते रोप त्याने दोन्ही हातांनी मांडीवर धरलं होतं. छत्री पायाशी गेली होती. बराच वेळ तो त्याच्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "मिळता की रे."



कामिनी अजून भिंतीच्या वर आलेली नाही. मध्ये वाटीपुरती जागा दोघी बायकांनी मोकळी ठेवायला लावली, तिच्या कडेला कढीपत्ता आहे. लावलेला त्याच्या बाजूला, पण वाढतोय आमच्याकडे झुकून, तोडतो मी. सकाळी तो दिसतो. बोलतो. मीही बोलतो, पेपरातल्या बातमीपुरतं. पण रिक्षात माझ्या एकट्याच्या कानावर घातलेलं "मिळता की रे" मी जमेस धरत नाही. हसली होती ती सगळी मीटिंग. पुढच्या मीटिंगला गेटच्या रंगाचा विषय निघणार आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि तोंडातून शब्द काढणार नाही. मागून तो काय बोलतो, ते ऐकायचं आहे.