संघपालचा कान आणि दोन मशिनी

शिरपूरच्या बसस्टँडवरून जैन मंदिराकडे निघालं की डाव्या हाताला मोटार वाइंडिंगचं एक दुकान लागतं. पाटी आहे, पण रंग उडालेली, आणि ती वाचून कधी कोणी आत शिरलं असं झालं नाही. लोक यायचे ते संघपालच्या कानासाठी. विहिरीच्या काठावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि खाली चालणाऱ्या मोटारीचं दुखणं सांगायचं, हे त्याचं कसब. बेरिंग कोरडं पडलंय, आठवडा काढेल, असं तो म्हणाला की शेतकरी आठवड्याच्या आत मोटार बाहेर काढायचा. न काढणाऱ्यांचा हरभरा कसा वाळला ते सगळ्यांना ठाऊक होतं. रिसोडकडची मंडळी तर फोन लावून तो मोटारीजवळ धरायची आणि हा इथे स्टुलावर बसून तिकडचा आजार सांगायचा.

कान असा तल्लख, पण बूड मात्र एका जागी टेकायचं नाही. मध्ये त्यानं अळिंबी लावली, मग बटेर पाळले, मग ड्रोननं फवारणी शिकायला म्हणून अकोल्याला पंधरा दिवस राहून आला. एक ना धड, भाराभर चिंध्या. काम जमेपर्यंत त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे आणि जमलं की त्यावरचं मनच उडून जाई. दुकान खरं तर धरून ठेवलं त्याच्या बायकोनं, धम्मदीपानं. लग्न होऊन आली तेव्हा तिला तांब्याच्या तारेतलं काही कळत नव्हतं. आता मोटार भरायला, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायला, तिच्याइतका साफ हात पंचक्रोशीत नाही. संघपाल मोटार ऐकायचा, खोलायचा, धम्मदीपा ती भरायची, आणि शेवटी पुन्हा संघपाल ऐकून पास करायचा. त्यानं पास केलेली मोटार परत आली नाही, ही त्या घराची अब्रू होती.

चार वर्षांपूर्वी धनजला एका लग्नात त्याचा पुतण्या उत्कर्ष भेटला. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला पोरगा. त्यानं जेवणाच्या पंगतीत काकाला बिटकॉइनच्या मशिनींचं सांगितलं. मशीन दिवसरात्र एकच हिशेब करत बसते, जगभरातल्या लाखो मशिनी तोच हिशेब करत असतात, ज्याचं उत्तर जुळेल त्याला नाणं मिळतं, आणि आपल्यासारखे बारके लोक एकत्र येऊन मिळालेलं वाटून घेतात. संघपालच्या हातातली पुरी हातातच राहिली. कधीच थांबायचं नाही, कधीच पूर्ण व्हायचं नाही, असं काम त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याच्याकडे मोटारी मेलेल्या यायच्या आणि चालू झाल्या की लोक घेऊन जायचे. चालती गोष्ट त्याच्याजवळ कधी राहिलीच नव्हती.

उत्कर्षनं बजावून सांगितलं की नवी मशीन परवडणार नाही, जुनी घ्यायची तर पारखून घ्या. तासभर चालवून पाहा. आत हिशेब करणारे तीन बोर्ड असतात, त्या तिघांचे आकडे मोबाइलवर उमटले तरच पैसे द्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. संघपाल नागपूरला गेला, विकणाऱ्यानं भाड्याच्या खोलीत चार मशिनी मांडल्या होत्या, त्या चारही त्यानं चालू करायला लावल्या आणि एकेकीच्या पंख्याजवळ कान नेला. तिसरी गोड वाजत होती. बेरिंगमध्ये खडखड नाही, पात्यांत लचक नाही. आकडे दाखवू का म्हणून विकणाऱ्यानं विचारलं, तर यानं हात हलवला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा एकंदर थाट.

घरी आणून लावली तेव्हा मोबाइलवर दोनच बोर्ड दिसले. पंखे गोड वाजत होते कारण ते नवे होते, विकणाऱ्यानं आदल्या आठवड्यात बदललेले. तिसरा बोर्ड मेलेला होता आणि मेलेला बोर्ड आवाज करत नाही. दुसऱ्या कोणी डोक्याला हात लावला असता. संघपालनं उत्कर्षला फोनवर सांगितलं की पंखे मात्र एक नंबर निघाले, आणि कमतरता भरून काढायला दोन महिन्यांत दुसरी मशीन आणली. ती आकडे पाहून घेतली. तिचे तिन्ही बोर्ड जिवंत होते, पण पंखे जुने, दिवसभर किंचाळायचे.

दुकानामागे घर आणि घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली. तिथे या दोघी बसल्या. दुकानाला थ्री फेज होतीच, वर सोलरही होतं, त्यामुळे विजेची सोय झाली. बिल आणि नाणी मात्र एकमेकांना खाऊन टाकत, हाती राहायचं ते नुसतं काम. आणि काम रगड होतं. लाइन गेली की मशिनी बंद, आली की पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत हा खोलीत येरझारा घालायचा. सोयाबीन काढायच्या दिवसांत भुसकट उडून जाळ्या बुजायच्या, त्या रोज झटकायच्या. उन्हाळ्यात पत्रा तापला तेव्हा त्यानं जे केलं ते वऱ्हाडातला कोणीही माणूस करेल. घरातला कूलर उचलून मशिनींसमोर लावला. माणसाला जे सुखावतं ते मशीनला का नाही सुखावणार? बोअरच्या खारट पाण्याचा तो ओला वारा महिनाभर आत गेला आणि बोर्डांवर पांढरी साय धरली. आणखी एक बोर्ड मेला. तो त्यानं ब्रश आणि पेट्रोलनं तासन् तास घासून जिवंत केला, आणि त्या दिवशी इतका खूश होता की महिनाभर उकाड्यात तळमळलेल्या बायकोला जिलबी घेऊन आला. कूलर परत घरात गेला. त्याच्या जागी कोंबड्यांच्या शेडमधला भला मोठा पंखा आला.

त्या पंख्यानं खोलीत उभं राहवत नसे. संघपाल मात्र तिथेच बसायचा. दुकानात एखादा माणूस आला तर उठायचा, मोटार पाहायचा आणि पुन्हा खोलीत. जेवताना मोबाइल ताटाशेजारी. रविवारी विहारात गेला तर वंदना संपायच्या आत उठून यायचा. मशिनीचा कोणता पंखा थकला हे त्याला भिंतीपलीकडून कळलं पाहिजे असं त्याचं म्हणणं. धम्मदीपानं एकदा कापसाचे बोळे करून आणले आणि इथे बसायचंच तर कानात घालून बसा म्हणाली. तो हसला. वाइंडिंगवाल्यानं कानात कापूस घालायचा म्हणजे झालंच.

अशी तीन वर्षं गेली, आणि त्यातल्या शेवटच्या दीड वर्षात लोक बिघडले. निदान संघपालला तसं वाटलं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच खेकसायचं. समोरचा चहावाला रामधन पूर्वी मान हलवून चहा पाठवायचा, तो आता रस्त्यापलीकडून बोंब मारायचा. घरात तर धम्मदीपा साधं भाजीत मीठ कमी आहे का हे विचारायची तेही भांडल्यासारखं. संघपालनं पुष्कळ विचार केला आणि जळतात लोक, एवढाच निष्कर्ष काढला. एका सकाळी तो तिला म्हणाला, "माह्यावर ओरडत नको जाऊ. मी काई बहिरा नाई."

ती काहीतरी हळू बोलली. त्याला वाटलं हिच्याकडे उत्तर नाही. मग तिनं एकदा वाशिमला जाऊन कान दाखवू असं सुचवलं, तेव्हा मात्र तो दोन दिवस जेवला नाही. ज्या कानाकडे अर्धा तालुका मोटारी घेऊन येतो तो कान डॉक्टरला दाखवायचा? मोटारी परत येत होत्या का? नव्हत्या येत. मग झालं तर.

यंदा कार्तिकात धम्मदीपाची आई आजारी पडली आणि ती बारा दिवस धनजला माहेरी राहिली. त्याच दिवसांत इंद्रभानची मोटार आली. इंद्रभान शेजारच्या गावचा, साठीचा शेतकरी, संघपालच्या बापाला, उकंडरावाला, ओळखणारा. मोटार आधीच भरून ठेवलेली होती, फक्त ऐकून पास करायची होती. संघपालनं चालवली, डोळे मिटून ऐकली, न्या म्हणाला. चौथ्या दिवशी बेरिंग जाम होऊन मोटार जळली. गव्हाचं पहिलं पाणी अर्ध्यावर राहिलं. संघपालला विश्वास बसेना. त्यानं स्वतः रात्रंदिवस बसून ती पुन्हा भरली, नवी बेरिंगं टाकली, ऐकली, पाठवली. सहाव्या दिवशी पुन्हा परत आली. या खेपेला जळायच्या आत इंद्रभाननं बंद केली होती म्हणून वाचली.

तोवर धम्मदीपा आली होती. इंद्रभान दुकानातच बसून राहिला. मोटार ओट्यावर चढवली, चालू केली. संघपालनं डोळे मिटले. मोटारीची जाड गुरगुर ऐकू येत होती, आणि त्याखाली काही नव्हतं. साफ होती. त्यानं डोळे उघडले तेव्हा धम्मदीपा भिंतीला टेकून मोटारीकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. तिच्या कपाळाला आठी होती, आणि ती आठी त्याला ओळखीची होती. कर्कश आवाज ऐकल्यावर माणसाला पडते ती.

"काय वाजून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"शिट्टी. बारीक. मागच्या अंगानं."

तो पुन्हा वाकला. कान मोटारीला जवळजवळ चिकटवला. गुरगुर, आणि नुसती गुरगुर. मग त्याला वाटलं मागच्या मशिनींचा आवाज आड येतोय. तो तरातरा घरातून मागे गेला. तीन वर्षांत लाइन गेल्याशिवाय त्या दोन्ही मशिनी कधी एकदम थांबल्या नव्हत्या. त्यानं आपल्या हातानं दोन्ही खटके खाली ओढले, मग पंख्याचा तिसरा. पाती फिरत फिरत थांबली. संघपाल उभाच राहिला. पाती डोळ्यांसमोर थांबलेली होती आणि कानात आवाज तसाच चालू होता. त्यानं तळव्यांनी कान दाबले, सोडले, पुन्हा दाबले. काही फरक पडला नाही. भीती वाटली त्याला, खरीखुरी. पन्नाशीला टेकलेला माणूस त्या गरम खोलीत भिंत धरून उभा होता.

दुकानात आला तेव्हा मोटार अजून चालू होती. त्यानं ती ऐकायचा प्रयत्न केला नाही. बंद केली आणि इंद्रभानसमोर उकिडवा बसला.

"दादा," तो म्हणाला, "माहा कान गेला. बारीक आवाज आयकूच येत नाई मले. दोनदा तुमची मोटार बिघडवली ती म्या. आता दुसरीकडं दाखवा."

त्याला वाटलं इंद्रभान दचकेल, चिडेल, निदान हळहळेल. इंद्रभाननं तंबाखू मळून दाढेखाली ठेवली.

"मालूम हाय बावा," तो मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "दीड साल झालं. साऱ्या बसस्टँडले मालूम हाय. तुह्या बाईनं एकेकाले धरून सांगतलं, त्याले काई म्हनू नका, त्याच्या जिवाले लागते. फक्त जोरानं बोलत जा."

संघपालनं विचारलं, "मंग लोकं मोटारी काहून आणत होते माह्याकडं?"

"तू पास करून मागं गेला की बाई आयकत होती ना. खराब असली की बेरिंग बदलून देत होती. या टायमाले ते माहेरी होती, अन् मोटार माही." इंद्रभान हसला, पण वाईट हसला नाही. "माहं नशीब, दुसरं काय."

संघपालनं मान वळवली. धम्मदीपा तारेचं रीळ उगाच हातात घेऊन बसली होती. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. दीड वर्ष तिनं मोटारी सांभाळल्या, त्याची अब्रू सांभाळली, आणि त्याबद्दल त्याची बोलणी खाल्ली. त्याला तिच्याकडे बघवेना आणि नजर काढताही येईना. ती खाली मान घालून काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले तेवढेच.

"काय म्हणली?"

तिनं पुन्हा तितक्याच हळू सांगितलं. दुकानात दुसरा माणूस बसलेला, आणि नवऱ्यानं एकदा ओरडू नको म्हटलेलं.

"आयकू नाई आलं," संघपाल म्हणाला. "जोरानं बोल मायबाई. आता जोरानंच बोलत जा."

धम्मदीपानं मान वर केली आणि सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हनलं, मागचं बेरिंग काढा. मी आयकतो."

रस्त्यापलीकडे रामधन चहा गाळत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. त्याला सवय होती.